सूतभर

मेपल जळताना आधी गोड वास येतो,
गुळाच्या पाकाखालचा विस्तव
वेळेवर ओढला नाही की येतो तसा.
मग धूर. मग पट्टीच्या कडेवर
एक तपकिरी चंद्रकोर,
नखाने खरवडली तरी न जाणारी.

चार पट्ट्या हव्या होत्या, कॅरमच्या चौकटीला.
तळघरात पाणी शिरलं तेव्हा जुनी चौकट फुगली,
आणि ब्रॅटलबरोत कॅरमची चौकट
कुठल्या दुकानात मागायची?
चारांपैकी तीन करपल्या.

मी म्हटलं, हातच वाईट माझा.
मधेच थांबतो.
पट्टी अर्ध्यावर आली की हात काढून
ढकलायची काठी घ्यायची असते,
तेवढ्या दीड श्वासात
पातं एकाच जागी फिरत राहतं,
आणि लाकूड काय करणार, काळवंडतं.
पोळीही मी अशीच करपवते, फोन वाजला की.

शेजारचे ऑरिन थिबोडो आले.
बुटांना चिखल, बाहीला धुराचा वास,
मार्च महिना, त्यांच्या खोपटात
मेपलचा रस रात्रंदिवस उकळतोय.
कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात टाकलं
आणि करवत चालू करण्याऐवजी
प्लगच उपसला.

"हाताला मागाहून शिव्या दे," म्हणाले,
"आधी कुंपण बघू."

त्या सरळ धातूच्या पट्टीला इथे कुंपणच म्हणतात.
लाकूड तिला टेकून पुढे सरकतं,
अंधारात भिंतीला हात लावून चालावं तसं.
ऑरिननी पात्याच्या एका दाताला खडू लावला.
पुढे मोजलं.
तोच दात फिरवून मागे आणला, मागे मोजलं.
शेपटीकडे कुंपण अर्धा सूत आत.

अर्धा सूत!
आमच्या शाळेसमोरचे मेस्त्री म्हणायचे,
सूतभर चूक, हातभर बोंब.
म्हणजे लाकूड चिमटीत सापडत होतं,
पात्याच्या आणि कुंपणाच्या,
आणि मी माझ्या मनगटाला दोष देत होते.

कुंपणानेच शेत खाल्लं,
हे माझ्या तोंडून मराठीत निघालं.
समजावून सांगायला गेले
तर त्यात शेत आलं, गाय आली,
मग ऑरिनची एक खरीखुरी गाय आली, तिचा पाय मोडलेला,
आणि म्हण कुठच्या कुठे गेली.
ते म्हणाले, तो पाना दे.

पातंही उतरवलं.
साठ दात, प्रत्येकाच्या बगलेत राळ.
"साठ आडव्या कापाला. उभं चिरायला चोवीस पुरेत.
बाकीचे चावत नाहीत, नुसते घासतात."
माझ्या केकच्या ट्रेमध्ये ते रात्रभर भिजलं,
सकाळी पाणी टपरीच्या चहाच्या रंगाचं.
पात्यामागची पातळ पाचर,
जी मी अडचण म्हणून काढून ठेवली होती,
ऑरिनना फडताळावर सापडली.
काही बोलले नाहीत. बसवली.

दुसऱ्या दिवशी आवाजच वेगळा.
किंचाळणं गेलं, एक लांब हुंकार राहिला.
ऑरिननी तो टेबलावर तळहात टेकवून ऐकला.
करपलेल्यांतल्या दोन वाचल्या,
सूतभर रुंद राहिल्या होत्या म्हणून,
तो सूत हलकेच काढला, डाग भुशात गेला.

तिसरीचा डाग खोल होता.
ती तशीच लावली, माझ्या बाजूला.
सोंगटी कधी तिथे आपटून परत येते
आणि समोरचा विचारतो, हे काय झालं?

मला वाटलं होतं, यातून काहीतरी मोठं निघेल,
न थांबण्याबद्दल, हाताच्या श्रद्धेबद्दल.
पण जाताना, यंत्र कानात घालत,
ऑरिन एवढंच म्हणाले:
"दर सोमवारी मोजत जा."

कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.
दातांच्या डॉक्टरच्या खाली.